झिपरीचे पाय आणि बाबांची फरशी

त्या सकाळी दिवाणखान्यात पुढील वस्तू होत्या: जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या चार, त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या झाडूच्या काठ्या दोन, पाण्याने भरलेल्या बाटल्या सहा, एक टोक स्टुलावर आणि एक जमिनीवर टेकवलेली इस्त्रीची फळी एक, बोगदा म्हणून ताणलेली जुनी चादर एक, आणि चीजचे तुकडे तीस, प्रत्येकी दोन ग्रॅम. शिवाय दीड वर्षाची एक कुत्री. आणि हे सगळं जिच्यावर मांडलं होतं ती बाबांची फरशी.

"सहा आठवडे!" मोजूने जाहीर केलं. "सहा आठवड्यांत झिपरी अडथळ्यांच्या शर्यतीत एकही चूक न करता धावेल. यात नशीब वगैरे काही नाही. हे शास्त्र आहे!"

झिपरीने त्या शास्त्रातला एक तुकडा उचलून खाल्ला.

मोजूचं खरं नाव घरात कोणी वापरत नसे. चार वर्षांची असताना तिने आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, मग शेजाऱ्यांच्या मोजल्या, आणि तुमच्याकडे एक पायरी कमी आहे हे त्यांना दार वाजवून सांगितलं. तेव्हापासून ती मोजू. आता विज्ञानाची पदवी घेऊन ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. झिपरी तिला तिथेच, मागच्या आवारातल्या रिकाम्या पिंपात सापडली. अंगावर केस इतके, की पुढची बाजू कोणती हे ती चालायला लागल्यावरच कळायचं.

बाबा फरशी बसवणारे. आयुष्यभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या आणि सगळ्यांत देखणी बसवली ती स्वतःच्या दिवाणखान्यात. "या फरशीवर वाटीभर पाणी ओता," ते येईल त्या पाहुण्याला सांगत. "गोल पसरेल! एका बाजूला सूतभर जरी झुकलं, तर हातातली थापी कायमची खाली ठेवीन!" मात्र पाणी ओतून बघायची मुभा कोणालाच नव्हती. लहानपणी मोजू एकदा वाटी घेऊन निघाली होती, तेव्हा तिला वाटीसकट उचलून बाल्कनीत ठेवण्यात आलं होतं.

अशा फरशीवर एक दिवस अठरा नखांचा ओला प्राणी नाचू लागला. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हिला आत्याकडे पाठवा," त्यांनी निकाल दिला. "आत्याचं अंगण मातीचं आहे. उकरू दे हवं तेवढं."

"बाबा, ती शिकेल!"

"काय शिकेल? परवा हिने माझी चप्पल शिकली. आता तिला टाच नाही."

"शर्यतीत उतरवते तिला. शर्यतीतली कुत्री घरात कशी वागतात बघा, एक पाऊल वाकडं टाकत नाहीत!"

"चुका किती करेल?"

"एकही नाही."

"एक जरी झाली, तर तिथूनच थेट आत्याकडे. कबूल?"

"कबूल!" मोजू म्हणाली. बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि दगडावर रेघ उठलेली त्यांना मुळीच खपत नसे, म्हणून ते शब्दही फार जपून देत. दिला तो दिला.

"आई, तू साक्षीदार!"

"मी यात नाही," आई म्हणाली. ती कोर्टात टायपिस्ट होती. "दिवसभर दोन्ही बाजूंचं ऐकून टाइप करते. घरी तरी मला एकच बाजू असू दे, आणि ती म्हणजे पंख्याखालची."

सराव सुरू झाला. रोज सकाळी झिपरी इमारतीच्या अंगणातून ओल्या पायांनी आत यायची. मोजू एका बाजूला उभी राहून ठरलेल्या पट्टीत, ठरलेल्या जोराने "चल" म्हणायची. आणि झिपरीच्या मागे, कमरेत काटकोनात वाकलेले बाबा! दोन्ही हातांखाली ओलं फडकं, आणि ते फडकं पुढे ढकलत, उमटेल तो ठसा पुसत, खेकड्यासारखे डावीउजवीकडे सरकत ते सुसाट निघायचे.

"अगं ए झिपरे! पाय! पाय बघ तुझे! तिकडे नको, खुर्चीवरून जा! आता चादरीतून! अगं भवाने, बाटल्यांना वळसा घाल की!" इस्त्रीच्या फळीवरून ती उतरायला लागली की फळीच्या टोकाशी बाबा तिला अडवायचे. "थांब! पाय दे!" मग फळीवरचेच चार पाय एकेक करून पुसले जायचे आणि पुढची वाट मोकळी व्हायची.

"बाबा, प्रयोगात लुडबुड करू नका!"

"तू तुझा प्रयोग कर. मी माझी फरशी राखतोय."

मोजूने फ्रिजवर आलेख लावला. त्यात चीजचं वजन होतं, आवाजाची पट्टी होती, हवेतला ओलावा होता, झिपरीची झोपही होती. बाबा नव्हते. प्रयोगशाळेत यंत्राची घरघर कोणी लिहून ठेवत नाही, तसंच हे. आलेखाची रेघ वर वर चालली होती. मध्ये एकदा बाबा दोन दिवस लवकर कामावर गेले, त्या दोन्ही दिवशी झिपरी खुर्चीसमोर नुसती बसून राहिली. मोजूने त्या जागी लिहिलं, "पोट बिघडलं असावं." आणि रेघ पुन्हा वर गेली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी झिपरी सगळे अडथळे बिनचूक पार करू लागली. मोजूला आकाश ठेंगणं झालं. प्रयोगशाळेत तिने सगळ्यांना सांगितलं. घरी इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मॅनेजरसाहेबांनाही सांगितलं, आणि तिथेच चूक झाली.

मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांचा कुत्रा इतका शिस्तीचा, की शिंक आली तरी आधी साहेबांकडे बघायचा. इमारतीत त्याला सगळे असिस्टंट मॅनेजर म्हणत.

"अरे वा! आमचाही त्याच गटात आहे," साहेब म्हणाले. "या, या. हरण्यातही शिकायला मिळतं."

शर्यतीच्या दिवशी गाडीच्या डिकीत झिपरीचं सामान आधीच भरलेलं होतं: वाडगा, पांघरूण आणि टाच नसलेली चप्पल. "शर्यतीच्या मैदानावरून आत्याकडे जायला डावीकडे वळायचं, घरी यायला उजवीकडे," बाबा गाडी चालवताना म्हणाले. मागच्या सीटवर झिपरीने मोजूच्या मांडीवर हनुवटी टेकली.

मैदान म्हणजे छप्पर असलेलं क्रीडागृह होतं. मधोमध रबरी चटया, त्यांवर सोळा अडथळे, भोवती दोरी, आणि दोरीबाहेर फरशी. बाबांनी आत शिरताच खाली बघितलं. "सांधे बघ! साप गेल्यासारखे!" त्यांना फार बरं वाटलं.

परीक्षकबाईंनी नियम सांगितले. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यांतली चांगली ती धरणार. "ही पळवाट आहे," बाबा कुरकुरले.

"अट शर्यतीची होती, आणि शर्यतीचा नियम दोन फेऱ्यांचा आहे," आई पर्समध्ये चष्मा शोधत म्हणाली. "मुद्दा संपला. आणि मी यात नाही."

असिस्टंट मॅनेजर पहिला धावला. धावला म्हणजे काय, कचेरीत फाइल पुढे सरकावी तसा सरकला. फक्त शेवटच्या उडीला त्याचा मागचा पाय लागून दांडी पडली. साहेबांनी दांडीकडे असं बघितलं, जणू ती कर्ज बुडवून पळाली होती.

मग पुकारा झाला: "झिपरी!"

मोजू सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली, ठरलेल्या पट्टीत, ठरलेल्या जोराने म्हणाली, "चल."

झिपरी बसली.

"चल!" झिपरीने कान खाजवला. "चल ना गं!" मोजूने चीज दाखवलं. ते नियमात बसत नव्हतं, ते परत खिशात घालावं लागलं. झिपरीने ते कुठल्या खिशात गेलं ते नीट पाहून ठेवलं आणि पुन्हा बसली. शास्त्रात एक उपाय असतो: प्रात्यक्षिक! तिने स्वतः पहिल्या दांडीवरून उडी मारली. दुसऱ्या दांडीवरून मारली. "अशी! बघितलंस? अशी!" लोक हसू लागले. मोजूला आता थांबता येईना. ती गुडघ्यांवर बसली आणि थेट बोगद्यात शिरली.

बोगदा तीन वळणांचा होता. आत अंधार होता आणि आधीच्या कुत्र्यांचा वास होता. मोजू दुसऱ्या टोकातून डोकं बाहेर काढते तो शिट्टी वाजली. वेळ संपली! झिपरी होती तिथेच होती.

"मुलीला तरी गुण द्या हो!" मॅनेजरसाहेब ओरडले. "बोगदा छान पार केला!"

क्रीडागृह हास्याने दणाणलं. दोरीबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या बाबांनी आपली विज्ञानाची पदवीधर मुलगी बोगद्यातून रांगत येताना पाहिली, त्यांचा हात हलला, आणि अर्धा कप चहा फरशीवर सांडला.

फरशी दुसऱ्याची होती. सांधे सापासारखे होते. पण हाताला काय कळतं! बाबांनी खिशातून रुमाल काढला, कमरेत काटकोनात वाकले आणि पुसायला लागले.

झिपरीचे कान ताठ झाले.

पुढे जे घडलं ते इतक्या झटपट घडलं की परीक्षकबाईंची शिट्टी तोंडातच राहिली! झिपरी दोरीवरून उडाली. कोणाच्या तरी तीन पिशव्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून उडाली. गुण मांडणाऱ्यांच्या टेबलाला लांब कापड होतं, त्याच्या खालून एका बाजूने शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली. खुर्च्यांवर सहा जण ओळीने बसले होते, त्यांच्या पायांमधून डावीउजवीकडे नागमोडी गेली, एकालाही धक्का न देता. असिस्टंट मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा परवानगी न घेता भुंकला. आणि झिपरी बाबांच्या पुढ्यात येऊन थांबली, बसली आणि पुढचा उजवा पाय वर करून धरला. पुसायला.

बोगद्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसलेल्या मोजूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नमुन्यात भेसळ! सहा आठवडे तिच्या नमुन्यात बाबा मिसळलेले होते. झिपरीच्या लेखी हा खेळ "चल"चा नव्हताच. वाकलेल्या बाबांच्या पुढे पळायचा खेळ होता तो. आणि पोट कधीच बिघडलं नव्हतं!

"बाबा!" ती धावत आली. "दुसरी फेरी तुम्ही पळवायची!"

"मी?" बाबांनी रुमाल मागे लपवला. "अट मी घातली. परीक्षकानेच पेपर लिहायचा का?"

"घरातलं कोणीही पळवू शकतं," परीक्षकबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. आत्याला फोन केलाय मी. ती वाट बघत असेल." पण हे बोलताना ते झिपरीचा वर धरलेला पाय पुसत होते.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब जवळ आले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो. ज्याचं काम त्याने करावं. तुमचं काम फरशीचं. कुत्र्याला घडवायचं म्हणजे तिथे अचूकपणा लागतो."

बाबांनी सावकाश मान वर केली.

"साहेब, तुमच्या न्हाणीघरातली फरशी कोणी बसवली?"

"तुम्हीच की."

"कोपऱ्यात पाणी साचतं?"

"छे, थेंबसुद्धा नाही."

"बरं," बाबा म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या. "मोजू, अडथळ्यांचा नकाशा दाखव."

दुसऱ्या फेरीआधी सगळ्या स्पर्धकांना अडथळे बघत फिरायची परवानगी होती. बाबा हात मागे बांधून, नवीन कामाची जागा बघावी तसे फिरले. मधोमध येऊन थबकले.

"हे कोणी मांडलंय?"

"मी," परीक्षकबाई म्हणाल्या.

"बाई, हे चुकलंय. आधी आतला कोपरा घ्यायचा, मग दाराकडे यायचं. तुम्ही तर पुसलेल्यावरून परत नेताय!"

"आम्ही इथे पुसत नाही."

"ते दिसतंच आहे," बाबा म्हणाले.

नियम पुन्हा सांगण्यात आले. हातात काही नको. रुमाल खिशात. कुत्रीला बोट जरी लागलं तरी चूक. मोजूने झिपरीला रेषेवर बसवलं, तिच्या कानामागे एकदा खाजवलं आणि दोरीबाहेर गेली. आईने न बघता तिचा एक हात आपल्या हातात घेतला.

शिट्टी वाजली. बाबा कमरेत वाकले, रिकामे तळवे चटईवर टेकवले आणि हवा पुसायला लागले.

हसण्याची लाट उठली. पण ती पूर्ण उठायच्या आत झिपरी पहिल्या दांडीपलीकडे होती!

"अगं ए झिपरे! पाय! पाय बघ! वरून जा! आता इकडून! शिर आत, शिर!" झिपरी बोगद्यात शिरली, वळणं घेऊन भुर्रकन बाहेर. बाबा बाहेरून तिच्या बरोबरीने खेकड्याच्या चालीने सरकत होते. चौतीस वर्षं गुडघ्यांवर आणि कमरेवर काम केलेला माणूस तो, वाकून पळण्यात त्यांना कोण हरवणार! हसणारे लोक हळूहळू खुर्च्यांच्या कडेवर आले.

मग उंच फळी. तिच्या उताराच्या टोकाला पिवळा पट्टा होता. त्यावर पाय टेकवल्याशिवाय उडी मारली तर चूक. बहुतेक कुत्री इथेच घसरत. झिपरी उताराच्या टोकाशी आली, पिवळ्या पट्ट्यावर खिळा ठोकल्यासारखी थांबली, आणि पाय वर करून धरला.

परीक्षकबाईंनी आ वासला. असं थांबणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण बाबांचा हात सवयीने त्या पायाकडे निघाला होता!

"हात नको!" मोजू किंचाळली. बाहेरून ओरडायला बंदी नव्हती, कारण तशी वेळ पूर्वी कधी आलीच नव्हती.

बाबांचा हात पायापासून बोटभर अंतरावर थांबला. तो तिथेच हवेत चार वेळा फिरला, चार पायांसाठी. झिपरीने चारही पाय शिस्तीत दाखवले, आणि समाधानाने पुढे निघाली.

सी-सॉ झाला. पुढच्या दोन दांड्या झाल्या. आणि बाबा थांबले.

वाट मधोमध आली होती. पुढचा अडथळा समोरच होता, पण तिथे जायचं तर मघाशी जिथून आले त्याच चटईवरून, म्हणजे त्यांनी नुकत्याच पुसलेल्या जागेवरून जायचं होतं. चौतीस वर्षांत बाबांनी ओल्या फरशीवर ना स्वतः पाय दिला होता, ना कोणाला देऊ दिला होता. त्यांचा पाय उचलेना. झिपरीही थांबली, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघू लागली. वरच्या घड्याळातले आकडे पळत होते.

"अहो जा की!" कोणीतरी ओरडलं.

"जाता येत नाही!" बाबा तिथूनच ओरडले. "पुसलंय!"

मोजूने शास्त्र, आलेख, आवाजाची पट्टी, सगळं गुंडाळून ठेवलं, दोरीवर ओणवी झाली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा! वाळलंय!"

"नक्की?"

"खडखडीत!"

बाबांनी पाय टाकला. झिपरी सुटली! नागमोडी खांबांमधून ती अशी गेली की खांबांना वारा लागला असेल तेवढाच. "बाटल्यांना वळसा घाल! शाबास गं माझी भवानी!" बाबा ओरडत होते, आणि आपण काय बोललो हे त्यांना स्वतःला ऐकू गेलेलं नव्हतं. शेवटून तिसरी दांडी, दुसरी, शेवटची! झिपरी रेषेपलीकडे पोचली, मागे वळली, आणि कमरेत वाकलेल्या बाबांच्या डोक्यावरून एक जादा उडी मारली, कोणी न सांगता.

सगळं क्रीडागृह उभं राहिलं. सगळ्यांत आधी उठून टाळ्या वाजवल्या त्या आईने. "मी यात नाही," असं ती शेजारच्या बाईला सांगत होती, पण चष्मा काढून डोळे पुसत होती. एकही चूक नाही. नवशिक्यांच्या गटात पहिला क्रमांक. असिस्टंट मॅनेजर दुसरा आला. मॅनेजरसाहेबांनी बाबांशी हात मिळवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "अहो, ते फडकं कुठलं वापरता?"

बाबांना लगेच सरळ होता येईना. मोजू आणि आई दोन्ही बाजूंनी धरून त्यांना तसेच वाकलेले गाडीपर्यंत घेऊन आल्या. फाटकाशी आल्यावर बाबांनी गाडी उजवीकडे वळवली.

घरी आल्यावर डिकीतलं सामान त्यांनी स्वतः वर आणलं. वाडगा जागेवर ठेवला, चप्पलही ठेवली. मग स्टुलावर चढून प्रशस्तिपत्राची चौकट भिंतीवर लावायला घेतली, तिच्यावर लेव्हलची पट्टी धरली. बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला.

"अट म्हणजे अट," ते म्हणाले. "राहील ती. पण फरशीवर तिने..."

वाक्य पुरं झालं नाही. दिवसभराची दगदग, टाळ्या आणि दोन वाडगे पाणी, हे सगळं झिपरीला एकदम आठवलं होतं. दिवाणखान्याच्या बरोबर मध्यावर ती बसली. उठली, तेव्हा तिथे जे व्हायचं ते झालेलं होतं.

आईने पंखा बंद केला. मोजूने श्वास रोखला. झिपरीने पाय वर करून धरला.

बाबा खाली आले, उकिडवे बसले. डोकं फरशीला टेकवून एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने.

"मोजू," ते हळूच म्हणाले, "टेप आण."

मोजूने टेप आणली. एक टोक तिने धरलं, एक बाबांनी. आधी खिडकीच्या दिशेने मोजलं, मग दाराच्या.

लांबी एकतीस सेंटिमीटर. रुंदी एकतीस सेंटिमीटर.